बावखलाकाठची महापालिका

वसई-विरार शहर महानगरपालिकेचा वर्धापनदिन ३ जुलैला येतो. आमच्या किनाऱ्याकडच्या राजोडीच्या बाजूला हे दिवस भाताच्या आवणीचे असतात. पहिल्या पावसांनी वाड्यांमधली बावखले (खणलेले डोह) निम्मी भरलेली असतात, काठच्या माडांची झापे पाण्यात पडलेली असतात आणि समुद्रावरच्या सुरूंच्या रांगेतून वारा घोंगावत असतो. २००९ साली याच दिवशी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची ५३ गावे एकत्र करून ही महापालिका स्थापन झाली. तिची वाटचाल सांगणारे बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात. मला तसे करवत नाही. ही संस्था ज्या जमिनीवर उभी आहे तिथे माणसे येऊन वसण्याची गोष्ट दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ती बाजूला ठेवली, तर आजच्या नालासोपाऱ्यातल्या गर्दीचा आणि आटलेल्या विहिरींचा अर्थच लागत नाही.

आधी जागा पाहू. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. मधून सोपाऱ्याची खाडी गेलेली. तिच्या पश्चिमेचा भाग एके काळी बेटच होता. म्हणजे राजोडी, कळंब, नाळे, निर्मळ, आगाशी ही सगळी बेटावरची गावे. बेटाच्या वाळूत पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड पाण्याचा थर साचून राहतो. तो थर जाड नसतो. बेताने उपसला तर वर्षभर पुरतो, हावरेपणाने उपसला तर खालून खारे पाणी वर चढते आणि केळीची पाने कडेने करपायला लागतात. वसईचा सगळा इतिहास या थराच्या आधाराने घडला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

नालासोपारा हे नाव आज लोकलच्या गर्दीमुळे सगळ्यांना माहीत आहे. नाळे आणि सोपारे या दोन गावांची नावे जोडून ते स्टेशनला मिळाले. त्यातले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक, अपरान्ताची राजधानी आणि पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. ग्रीक प्रवासवर्णनांत आणि टॉलेमीच्या भूगोलात त्याचे नाव येते. बौद्ध कथांमधला पूर्ण हा व्यापारी इथलाच. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातल्या बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन केले. लोक ज्याला कोट म्हणत होते तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. करंडकात एकात एक डब्या होत्या आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यात सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. आठव्या लेखात अशोक सांगतो की आधीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या सफरींवर जात, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे आणि जनपदातल्या लोकांची गाठ घेऊन त्यांच्याशी बोलायचे. राज्य करणाऱ्याने खेड्यात जाऊन माणसांशी बोलावे, ही गोष्ट आमच्या मातीत दगडावर कोरून ठेवलेली होती.

पण माझ्या मते वसईच्या वसाहतींच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा कागद वसईत नाही, तो नाशिकला पांडवलेण्यांच्या भिंतीवर आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तो लेख, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. आपण कुठे कुठे काय दान केले याची त्याने यादी दिली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे आपले सोपारे, या चार ठिकाणी त्याने वाटसरूंसाठी चौसोपी निवासस्थाने बांधली. एवढे लिहून तो थांबत नाही. त्याला लागूनच तो बागा, तळी आणि विहिरी केल्याचे सांगतो. बंदरावर परगावचा माणूस येणार, त्याला छप्पर लागणार, आणि छपराबरोबर सावली, तळे आणि पिण्याची विहीर लागणार, हे त्या माणसाला एका ओळीत सुचले. निवारा आणि पाणी यांची फारकत त्याने केली नाही. पुढे मी जे सांगणार आहे ते याच ओळीच्या आधारे सांगणार आहे.

मधली शतके मी भराभर ओलांडतो, कारण किल्ल्याचा इतिहास वसईकरांना तोंडपाठ आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षे कोटाच्या आत चर्च, मठ आणि हवेल्या उभ्या राहिल्या आणि बाहेरच्या गावांतून सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी कुटुंबांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म घेतला. धर्म बदलला तरी बोली तीच राहिली, वाडी तीच राहिली, केळीचे आळे तेच राहिले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून ज्यांना मान मिळाला ते गोन्सालो गार्सिया वसईचे. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळा घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्याला बाजीपूर नाव मिळाले, चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या, त्यातली एक आजही वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेली आहे. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच. सत्ता बदलत गेल्या, पण त्या सगळ्यांनी शेतसारा घेतला तो बावखलाच्या पाण्यावर पिकलेल्या बागायतीचाच.

आधुनिक कारभाराची सुरुवात १८६४ ची. त्या वर्षी वसईला नगरपालिका स्थापन झाली. त्याच वर्षी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे गुजरातकडून वसईची खाडी ओलांडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली. एका वर्षात दोन पाहुणे आले, पण त्यांची गाठ पडली नाही. नगरपालिका जुन्या वसई गावात, किल्ल्याजवळ. रेल्वे मैलोगणती पूर्वेला, खाजणाच्या कडेने. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली गाडी सुटली, दिवसाकाठी जायला एक आणि यायला एक. नगरपालिकेचा दिवा गावात लागत होता आणि पुढच्या शतकातली वस्ती रुळांच्या दोन्ही बाजूंना होणार होती, जिथे दिवा लावणारे कुणीच नव्हते. नवघर, माणिकपूर, आचोळे, तुळिंज ही तेव्हा भाताची आणि मिठागरांची खेडी. पुढे सव्वाशे वर्षांनी जी तारांबळ उडाली तिचे बीज या अंतरात होते.

मधल्या काळात रेल्वेने आमच्या पट्ट्याला भरभरून दिले हेही सांगायला हवे. केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली आणि टोपली घेऊन पहाटे निघालेली बाई दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ लागली. वांद्रे, पार्ले, बोरिवलीच्या कितीतरी घरांत वसईवाली ठरलेली असे. बागायतदार सावकाराच्या तावडीत सापडू नये म्हणून १९१८ मध्ये वसईच्या ख्रिस्ती समाजाने पतपेढी काढली, तीच आजची बेसीन कॅथॉलिक बँक. सहकार हा शब्द सरकारी भाषणांत रुळण्याच्या आधी इथल्या शेतकऱ्यांनी तो आचरणात आणला होता.

आणि आता बावखल. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांना सांगतो. बावखल म्हणजे विहीर नव्हे आणि गावतळेही नव्हे. वाडीच्या पोटात माणसांनी हातांनी खणलेला तो डोह. चारी बाजूंनी उतार, कुठे दगडाच्या पायऱ्या, काठाला माड, भेंड, आंबा. एका अंगाला रहाटाची जागा. रहाटाच्या मोठ्या चाकावर लोट्यांची माळ असे. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, त्याच्या गळ्यातली घंटा एका लयीत वाजायची, भरलेले लोटे वर येऊन पन्हळीत ओतले जायचे आणि रिकामे होऊन परत खाली जायचे. पन्हळीतून पाणी पाटात, पाटातून आळ्यात. बावखल बहुधा एकट्याचे नसे. भावाभावांत, चुलतघरांत ते सामाईक, आणि पाण्याची पाळी ठरलेली. आज तुमचा रहाट, उद्या आमचा. पाळीवरून भांडणे होत, पण ती भांडणेही पाण्याची आब राखणारी होती, कारण जनावर दमेल तेवढेच पाणी वर येणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. रहाटाला थकवा होता. रात्री जनावर सोडले की बावखलात झऱ्याचे पाणी परत चढायचे. मग रहाटाच्या जागी तेलाचे इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेची मोटार आली. मोटार दमत नाही. बावखलाचे दुसरे काम तर फार कमी लोकांच्या ध्यानात येते. पावसाळ्यात वाडीतले पाणी याच डोहात उतरायचे. रस्त्यावर यायचे नाही, घरात शिरायचे नाही. तिथेच साठायचे, तिथेच मुरायचे आणि खालच्या खाऱ्या पाण्याला दाबून ठेवायचे. सिंचन, पूरनियंत्रण आणि भूजलभरण अशी तीन खाती एका खड्ड्याने सांभाळली, आणि त्यासाठी कुठल्याही कचेरीत अर्ज करावा लागत नव्हता.

या पाण्यावर काय पिकायचे ते सुकेळीत दिसते. राजेळी केळी पूर्ण पिकू द्यायची, सोलायची आणि कडक उन्हात काही दिवस रोज पसरायची, रोज उचलायची. केळे आक्रसून तांबूस-तपकिरी होते, वर साखरेचा चिकट ओलावा येतो, मग केळीच्याच सुक्या पानात त्याची घट्ट पुडी बांधायची. आगाशी आणि आसपासची सुकेळी एके काळी मुंबईच्या घरांत पाहुणचाराची चीज होती. आज ती करणारे हात मोजके उरले आहेत. राजेळीला पाणी लागते, वेळ लागतो आणि मोकळे अंगण लागते. तिन्ही गोष्टी महाग झाल्या.

वस्तीची मोठी लाट आली १९८० नंतर. १९८२ च्या गिरणी संपाने परळ-लालबागची हजारो घरे हलली. चाळीतल्या खोलीत तीन भावांचे संसार मावेनात. गिरगावात, दादरला, अंधेरीत घर घेणे आवाक्याबाहेर गेले. वसई, नालासोपारा, विरारला मात्र पागडी विकून, पीएफ काढून, बायकोचे दागिने मोडून का होईना, एक खोली आणि स्वयंपाकघर घेता येत होते. या लोकांबद्दल आमच्या गावांत फार वाकडे बोलले गेले. ते मला कधीच पटले नाही. कोकणातून मुंबईत आलेला आणि मुंबईने बाहेर ढकललेला माणूस विरारला उतरला, पुढे उत्तर भारतातून, गुजरातेतून, राजस्थानातून माणसे आली, यात त्यांचा काय दोष? पहाटे चारला उठून पाण्याचे हंडे भरायचे, दाराला लोंबकळत दीड तास चर्चगेट गाठायचे, रात्री नऊला परतायचे, अशी वर्षेच्या वर्षे त्यांनी काढली. बोरिवली-विरार चार मार्गिका पूर्ण झाल्या त्या २००७ मध्ये. तोवर या माणसांच्या पोरांची लग्ने झाली होती.

दोष क्रमाचा होता. उषवदाताच्या ओळीत निवाऱ्याबरोबर तळे आणि विहीर होती. इथे आधी इमारत उभी राहिली, मग माणूस आला, मग टँकर आला, आणि कारभार सगळ्यात शेवटी पोचला. १९८८ च्या सुमारास हरित पट्ट्यातली मोठी जमीन बांधकामासाठी खुली झाली. १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. पण सिडकोने नवी मुंबईत आधी जमीन घेऊन, रस्ते आखून, मग घरे बांधली होती. वसईत जमीन खासगी मालकीची राहिली आणि प्राधिकरणाच्या हाती आराखडा आणि परवानगीचा शिक्का एवढेच आले. उपप्रदेशाचा विकास आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला. तोपर्यंत त्यातल्या कितीतरी आरक्षणांवर चार मजली इमारती उभ्या होत्या.

या काळात गावे गप्प बसली नाहीत, याची नोंद वाटचालीत ठळक अक्षरांत व्हायला हवी. राजोडीपासून जवळच असलेल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीचे नेतृत्व केले. ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, बायबलचे मराठीत भाषांतर करणारे लेखक, पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. धर्मगुरूने जमीन-पाण्याच्या प्रश्नात पडू नये असे सांगणारे तेव्हाही होते. पण टँकरने बागायतीच्या विहिरी रात्रंदिवस उपसायला सुरुवात केली, तेव्हा शेतकरी हिंदू की ख्रिस्ती हा प्रश्न उरला नाही. वाडवळ, सामवेदी, कुपारी, आगरी, कोळी, भंडारी एकत्र आले. त्या चळवळीमुळेच पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या आजही हिरव्या दिसतात, अशी माझी ठाम धारणा आहे. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ ला गेले.

लाट केवढी होती ते जनगणनेच्या आकड्यांत दिसते. २००१ मध्ये वसई गावाची लोकसंख्या ४९,३३७ होती. रुळांशेजारी वाढलेल्या नालासोपाऱ्याची तेव्हाच १,८४,५३८ झाली होती, विरारची १,१८,९२८ आणि नवघर-माणिकपूरची १,१६,७२३. म्हणजे १८६४ पासून कारभाराचा अनुभव असलेले गाव सर्वांत लहान आणि नवख्या नगरपालिकेवर सर्वांत मोठा बोजा. २०११ मध्ये एकत्रित महापालिकेची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. एवढ्या माणसांना एकच कारभार हवा, रस्ता एका हद्दीत सुरू होऊन दुसरीत तुटू नये, हे महापालिका करण्यामागचे कारण खोटे नव्हते. मला ते तेव्हाही पटत होते.

गावांचे दुखणे निराळे होते. ग्रामपंचायतीत सरपंच हाताशी असतो. ग्रामसभेत उभे राहून विचारता येते की आमच्या बावखलाकाठी भराव कुणाच्या परवानगीने पडतो आहे. महापालिकेत ग्रामसभा नाही. घरपट्टी शहराची येते, गटार मात्र गावाचेच राहते. आंदोलन पेटले, मोर्चे निघाले, लाठ्या बसल्या, आणि २०११ मध्ये राज्य शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, स्थगिती आली. गावे कागदावर बाहेर आणि कारभारात आत, अशी एका तपाहून अधिक काळ लोंबकळत राहिली. २०२४ मध्ये शासनाने ती अधिसूचनाच मागे घेतली. मधल्या काळात १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, राज्यातला ३६ वा. महापालिका झाल्यावरही प्राथमिक शाळा वर्षानुवर्षे जिल्हा परिषदच चालवत राहिली. पोराला शाळेत घालायचे ते जिल्हा परिषदेच्या, पाणी मागायचे ते महापालिकेकडे, सात-बारा काढायचा तो तलाठ्याकडे. जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. ११५ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा निवडून आले ते जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत.

संस्थेने केलेले काम नाकारायचे नाही. पाण्याची व्यवस्था हे त्यातले मोठे काम. पेल्हार, उसगाव, पापडखिंड ही जवळची धरणे अपुरी पडली तेव्हा सूर्या नदीवरच्या धामणी धरणाकडे धाव घेतली गेली. सूर्या प्रादेशिक योजनेचे ४०३ दशलक्ष लिटर पाणी रोजचे, त्यातले १८५ वसई-विरारचे आणि २१८ मीरा-भाईंदरचे. २०२३ च्या अखेरीस हे वाढीव पाणी येऊ लागले. नालासोपाऱ्याच्या बाईने वीस वर्षांनी नळाला हात लावला आणि पाणी आले, याचा आनंद मला मनापासून आहे. पण धामणीचे धरण डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतांसाठी बांधले होते. तिथला आदिवासी शेतकरी आपल्या कालव्याचे पाणी नळातून जाताना पाहतो. आमच्या विहिरींवर टँकर आले तेव्हा आम्हाला जे वाटले तेच त्याला वाटत असणार. हा विचार वसईकराने तरी केला पाहिजे.

जुलै २०१८ मध्ये पाण्याने उलट्या बाजूने हिशेब मागितला. दोन-तीन दिवस पाऊस कोसळला, नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेत अडकून पडल्या, मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढले, वीज गेली. त्यानंतर नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पावसाचे पाणी भरतीच्या वेळी थोपवून धरायला धारण तलाव हवेत, असे तिने सुचवले. ते वाचताना मला आमचे बावखल आठवले. तज्ज्ञांनी सुचवलेला तलाव आमच्या पणज्यांनी घरोघर खणून ठेवला होता, आणि आम्ही तो डेब्रिज टाकून बुजवला.

गेल्या दोन वर्षांतल्या दोन घटना सांगतो. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरात ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीला पाडून झाल्या. विकास आराखड्यात ती जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनी पैसे मोजले होते, वीजबिले भरली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळले आणि १७ माणसे गेली. एका कुटुंबात त्या दिवशी लहान मुलीचा वाढदिवस होता. या दोन ठिकाणची माणसे गिरणगावातून, कोकणातून, उत्तरेतून घरासाठीच आली होती. निवारा मिळाला, पण त्याच्या पाठीशी जो कारभार उभा राहायला हवा होता तो राहिला नाही.

राजोडीच्या बाजूला अजून तेवढी दाटी नाही. नालासोपारा पश्चिमेहून सोपारे गाव, चक्रेश्वर तलाव आणि नाळे ओलांडून रिक्षा किनाऱ्याकडे येते, तेव्हा हवा बदललेली जाणवते. सुटीच्या दिवशी कळंब-राजोडीचा किनारा गाड्यांनी भरून जातो. वाड्यांत रिसॉर्टे झाली, काही बावखलांना टाइल्स लागून त्यांचे पोहण्याचे तलाव झाले. पण कार्तिकात निर्मळची यात्रा भरते तेव्हा चित्र बदलते. शंकराचार्यांच्या समाधीला आलेल्या गर्दीत सुकेळीच्या पाटीपुढे नालासोपारा पूर्वेच्या इमारतीत राहणारी सून उभी असते आणि विकणारी कुपारी आजी तिला पानाची पुडी सोडून दाखवत असते. नव्या वस्तीतल्या मुलांना ही जागा आपली वाटायला लागली आहे. त्यांचा जन्म इथला आहे. वसई त्यांचे गाव आहे, दुसरे कुठले नाही.

म्हणून शेवटचे चार शब्द त्यांनाही आणि गावातल्यांनाही. विकास आराखड्याची २०२१ पर्यंतची मुदत संपली आहे, नव्या आराखड्यात पुढच्या वीस वर्षांची वसई आखली जाणार आहे. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि त्यासाठी दिवस थोडे असतात. तुमच्या इमारतीमागे, शाळेशेजारी, वाडीत कुठेही बावखल असेल, अर्धे बुजलेले का असेना, तर त्याचा सर्व्हे नंबर आजच लिहून ठेवा, पावसाळ्यात भरलेले असताना त्याचा फोटो काढा आणि हरकतीच्या अर्जाला जोडा. राजोडी-नाळ्याच्या बाजूची यादी आम्ही करतो आहोत. नालासोपारा आणि विरारची तुम्ही करा.